दिंडीची वही

दिवे घाट चढताना एका म्हाताऱ्या वारकऱ्याला घेरी आली. रस्त्याच्या कडेला तो टेकला आणि बसल्या जागी त्याने प्राण सोडला. झोळीत टाळ, एक धोतर, गोपीचंदनाचा खडा आणि हरिपाठाचं चोपडं. दिंडीत सगळे त्याला ‘माउली’ म्हणत, तेवढंच त्याचं नाव ठाऊक. गाव परभणीकडचं हे खरं, पण कोणतं? घरी कोण आहे? निरोप कुणाला धाडायचा? त्याच्या गावचा एक जण दुसऱ्या दिंडीत निघाला, त्याची गाठ पडेपर्यंत रात्र उलटून गेली होती.

त्या वर्षी पंढरपूरहून परतल्यावर नानांनी वही घातली.

नाना गावच्या सोसायटीत गटसचिव होते, रकाने आखणं त्यांच्या हातचा मळ. लाल कापडी पुठ्ठ्याची आडवी वही. नाव, गाव, वय, मोबाइल, घरी निरोप कुणाला द्यायचा, आजार, गोळ्या, राहुटी, भिशी जमा की बाकी. निघण्याआधी ते प्रत्येकाला समोर बसवत, चहा देत आणि एकच वाक्य आधी बोलत, “हे मी तुमच्या जिवासाठी विचारतोय. दुसऱ्या कशासाठी नाही.” मग माणसं बोलायची. घरी न सांगितलेलंही सांगायची. एका ओळीत लिहिलेलं असायचं : ‘साखर. गोळी सकाळी खाण्याआधी. डावा कान कमी. मुलाला फोन करू नये, सुनेला करावा.’ दुसऱ्या ओळीत : ‘फिट येते. गावात माहीत नाही.’ ही माहिती कोणत्याही दवाखान्याच्या केसपेपरवर मिळाली नसती. ती नानांच्या तोंडाकडे बघून दिलेली होती.

पुढे नातू हाताशी आला. त्याने वहीच्या पानांचे फोटो काढून सगळी यादी एक्सेलमध्ये उतरवली आणि सामानाच्या ट्रकवाल्याच्या, स्वयंपाकाच्या राहुटीतल्या काकूंच्या फोनवर टाकून दिली. याचा उपयोगही झाला. लोणंदला एका बाईची साखर एकदम उतरली, तेव्हा नाना पालखीतळावर होते आणि वही ट्रकमध्ये. काकूंनी फोनवर नाव शोधलं, तिच्या तोंडात गूळ घातला, घरी कळवलं, सगळं दहा मिनिटांत. संगणकाला नावं ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्या दिवशी त्यानेच एक जीव सांभाळला.

घटना घडली ती नंतरच्या वारीत, सासवडच्या मुक्कामी. पाऊस घाटापासून पाठीला लागलेला. ट्रकची ताडपत्री फाटली होती, बायकांची अंथरुणं भिजली होती, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावर युरियाच्या पोत्याच्या खोळी होत्या. त्या संध्याकाळी भाऊसाहेब आले. तालुक्यातलं वजनदार माणूस. दरवर्षी दिंडीला एक पंगत द्यायचे, स्वतः वाढायला उभे राहायचे, आणि खरकट्या पत्रावळी उचलताना मी त्यांना पाहिलेलं आहे, तेव्हा त्यांच्या भावाबद्दल शंका नको. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

“महाराज, सगळ्यांना रेनकोट देतो,” भाऊसाहेब दिंडीच्या महाराजांना म्हणाले. “फक्त यादी पाठवा. नाव, गाव, वय, मोबाइल. म्हणजे मापाचे आणता येतील. आणि गावी परतल्यावर आरोग्य शिबिर घेऊ, फोन करून बोलावता येईल.”

महाराज क्षणभरही थांबले नाहीत. “नाना, देऊन टाका.”

मतदारयादी उमेदवाराला मिळते. तिच्यात नाव असतं, वय असतं, घर क्रमांक असतो. मोबाइल नंबर नसतो. म्हणून गावोगाव अशा याद्यांना मोल आलेलं आहे. गणेश मंडळाची वर्गणीची वही, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाची नोंद, बचत गटाचं रजिस्टर, दहावीच्या निरोप समारंभाला भरून घेतलेले फॉर्म, या सगळ्यांतून नंबर गोळा होतात. मागणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो आणि काहीतरी चांगलं देत असतो. अनोळखी चोराला आपण नाही म्हणू शकतो. पंगत वाढणाऱ्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

नाना म्हणाले, “भाऊसाहेब, सकाळपर्यंत थांबा. माणसांना विचारतो.”

“विचारायचं काय त्यात?” महाराज म्हणाले. “नंबरच तर आहे.”

नानांनी तरी विचारलं. समाजआरती आटोपून माणसं राहुट्यांकडे वळली तसे ते बॅटरी घेऊन एकेका राहुटीत गेले. बहुतेकांनी हो म्हटलं. “घ्या की, आमच्या नंबराला कोण फोन करतंय!” असं एका आजोबांनी सांगितलं. एका शिक्षकांनी नाव द्यायला होकार दिला, मात्र फिटचं कळू देऊ नका म्हणून हात धरला. एका आजींनी उलटा प्रश्न केला, “रेनकोटाला माझी साखर कशाला लागती?” नानांकडे याचं उत्तर नव्हतं. हा प्रश्न आधी आपल्याला का पडला नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

स्वयंपाकाच्या राहुटीत एक पोर परातीत पीठ मळत होती. आईबरोबर पहिल्यांदाच वारीला आलेली. नानांनी सगळं सांगितलं तसे तिचे हात थांबले.

“नाना, तुम्ही जिवासाठी म्हणाला होता.”

“म्हणालो होतो.”

“माझा दीर भाऊसाहेबांच्या माणसांत असतो.”

एवढं बोलून ती गप्प झाली. बाकीचं आईने सांगितलं. पोर सासर सोडून आली होती. पोटगीची केस चालू होती. नवऱ्याने दोनदा माहेरच्या दारात येऊन मारहाण केली, तेव्हा भावाने तिला दुसऱ्या गावी नेऊन ठेवलं. ती आता कुठे राहते, कोणता नंबर वापरते, हे भाऊ आणि आई सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आणि नानांच्या वहीला.

नाना तिथून नातवाकडे गेले. “यादीतून एक नाव काढायचंय.”

नातवाचा चेहरा उतरला. महाराज ‘देऊन टाका’ म्हणाले ते त्याने ऐकलं होतं आणि दिवेलागणीलाच भाऊसाहेबांच्या माणसाला फाईल पाठवून दिली होती. चार रकाने मागितले होते; याने आख्खी वही पाठवली होती. आजार, गोळ्या, राहुटी, सुनेला फोन करावा, गावात माहीत नाही, सगळं.

पुण्याहून सासवडपर्यंत चालायला येणाऱ्या एक वकीलताई दिंडीत होत्या. नाना त्यांच्याकडे गेले. कायदा काय म्हणतो ते विचारायला नव्हे, काय करता येईल ते विचारायला. ताईंनी दोन्ही सांगितलं. २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. नाना वकीलताईंसमोर बसले होते तेव्हा त्याचे नियमही अजून निघालेले नव्हते.

“तुमच्या फोनमध्ये तुमच्या घरच्यांचे, मित्रांचे नंबर असतात, त्यात हा कायदा पडत नाही,” ताई म्हणाल्या. “घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती त्याने बाहेर ठेवली आहे. वहीतल्या शाईलाही तो लागू नाही. पण वही संगणकात उतरली आणि ती दिंडीच्या नावाने वापरली, की ती घरची राहत नाही. आजारात उपयोगी पडावी म्हणून माणसांनी आपण होऊन दिली, तेवढ्यापुरती ती वापरायला हरकत नाही. दुसऱ्या कामाला द्यायची तर पुन्हा विचारायला हवं. काय देतोय, कशासाठी देतोय, हे कळेल अशा भाषेत. आणि ज्याने हो म्हटलं त्याला जितक्या सहज हो म्हणता आलं, तितक्याच सहज नाही म्हणता आलं पाहिजे.”

“आम्ही पैसे घेतले नाहीत, ताई. वाईट मनात नव्हतं.”

मग ताईंनी स्वीडनमधला एक खटला सांगितला. तिथल्या चर्चमध्ये काम करणाऱ्या एका बाईने धर्मशिक्षण घेणाऱ्यांच्या सोयीसाठी इंटरनेटवर पानं तयार केली. त्यात बरोबरच्या माणसांची नावं, काहींचे फोन नंबर, आणि एकीचा पाय दुखावल्यामुळे ती अर्धा वेळच काम करते, हेही लिहिलं. विचारलं मात्र कुणालाच नव्हतं. लोकांना आवडलं नाही हे कळताच तिने पानं काढून टाकली. तरी खटला झाला आणि २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कुणालाही बघता येईल असं जे मांडलं ते घरगुती राहत नाही, आणि दुखावलेल्या पायाची गोष्ट ही आरोग्याची माहिती आहे, तिला जास्तीचं संरक्षण हवं. “हेतू तिथेही वाईट नव्हता,” ताई म्हणाल्या. “आता बोलत बसू नका. फाईल कुठवर गेली ते बघा.”

नातवाच्या मोटारसायकलवर बसून नाना भाऊसाहेब उतरले होते त्या घरी गेले. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. पोरीचं नाव नानांनी घेतलं नाही, भाऊसाहेबांनीही विचारलं नाही. त्यांनी नानांसमोर स्वतःच्या फोनमधून फाईल पुसली, मग माणसांना एकेक करून उठवलं. तिघांनी पुसली. चौथ्याने ती तालुक्याच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकली होती. त्याला तिथूनही काढायला लावली. पण मधल्या दोन-अडीच तासांत ती कुणी उतरवून घेतली, कुणी पुढे पाठवली, हे कोणत्याही फोनमध्ये दिसत नव्हतं. नाना बराच वेळ त्या ग्रुपमधल्या नावांकडे बघत राहिले. सत्तरेक माणसं होती.

निघताना भाऊसाहेब म्हणाले, “मग रेनकोटांचं कसं करायचं, नाना? माणसं भिजतायत.”

नानांनी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. लहान ४२, मध्यम १८०, मोठे ९०.

भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “एवढंच लागत होतं होय?”

वाल्ह्याच्या मुक्कामाला रेनकोट आले. एकही कमी पडला नाही.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो हा कागद. एरवी माहितीचं रक्षण म्हटलं की कुलूप, पासवर्ड, दंड असल्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पण मागणाऱ्याच्या कामाला नेमकं काय लागतं हा प्रश्न आधी विचारला, तर निम्म्याहून जास्त वेळा नावाची गरजच उरत नाही. पंगतीला पानांची संख्या लागते. शिबिराला गोळ्या किती जणांसाठी आणायच्या ते लागतं. दुकानात रोख पैसे देऊन साखर घेतली तर दुकानदाराला काहीच लागत नाही, तरी तो मोबाइल विचारतो आणि आपण सांगतो. बिल द्यायला नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला २०२३ मध्ये दुकानदारांना बजावावं लागलं, इतकं ते अंगवळणी पडलेलं आहे.

पोर मागे फिरली नाही. भावाने फोनवरून पुष्कळ सांगितलं, पण ती म्हणाली, निघाले तर पंढरपूरला जाईनच. बायकांनी तिची राहुटी बदलली. नानांनी तळावरच्या पोलिसांच्या कानावर घातलं.

फलटणला नानांच्या फोनवर एक फोन आला. आवाज गोड होता. “माउली, आमची बहीण तुमच्या दिंडीत आहे, स्वयंपाकाच्या राहुटीत. आई आजारी पडलीय, जरा बोलणं करून द्या.” नाव अचूक सांगितलं. राहुटीही अचूक, पण जुनी.

तिची आई तेव्हा नानांच्या समोर कांदा चिरत बसली होती.

“तुमचं नाव आणि नंबर सांगा,” नाना म्हणाले. “अशी कुणी आमच्यात असली तर निरोप देतो. तिला वाटलं तर ती फोन करील.”

पलीकडून फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर दोघं जण मोटारसायकलवरून ट्रकपाशी आले, विचारून गेले. ट्रकवाला म्हणाला, अशी कुणी नाही. पण ते जाताना ट्रकचा फोटो घेऊन गेले. त्या रात्री भाऊ गाडी घेऊन आला. पोरीने तुळस काकूंकडे दिली, नानांच्या पाया पडली आणि गेली. नानांना तिच्याकडे बघवलं नाही. फाईल पाठवणारा नातू चार दिवस कुणाशी बोलला नाही. महाराजही त्या रात्री कीर्तनाला उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज लागत नव्हता.

या नुकसानीचं कायद्यात काय आहे, हेही सांगायला हवं. माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपया मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कंपन्यांकडून भरपाई मागण्याचं कलमही हा कायदा काढून टाकतो. मला हे मोठं न्यून वाटतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक कलमं अमलात यायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. एक गोष्ट मात्र मनापासून आवडावी अशी आहे. या कायद्यात माणसाचा उल्लेख जिथे जिथे सर्वनामाने येतो, तिथे तो ‘ती’ असा येतो. पुरुषांनाही त्यातच धरलेलं आहे. ज्याने कोणी तो मसुदा लिहिला, त्याच्या डोळ्यांसमोर अशी एखादी पोर असावी असं मला वाटत राहतं.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला आणि दिंडी मठात बसली. नाना उठले. आधी त्यांनी झालं ते सगळ्यांना सांगितलं, पोरीचं नाव न घेता. ज्यांची माहिती बाहेर गेली त्या प्रत्येकाला ते कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. महाराजांना ते आधी रुचलं नव्हतं. “दिंडीची बेअब्रू होईल, नाना.” नाना म्हणाले, “ज्याला फिट येते त्याच्या गावात आता कुणाला कळलंय का, हे त्याला माहीत नको?” शिक्षक मान खाली घालून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनीच विषय पुढे नेला, “पुढच्या वर्षी आजाराचा रकाना वेगळ्या वहीत ठेवा. ती काकूंकडे राहू द्या. भिशीचा हिशेब करणाऱ्याला माझी फिट दिसायचं कारण नाही.”

बाकीचं बोलणं बरंच लांबलं आणि सगळं इथे सांगण्यासारखं नाही. एक म्हणाला वही नकोच, सगळं बंद करा. त्याला आजींनी गप्प केलं. दिवे घाटातला तो म्हातारा त्यांच्या शेजारून चालत होता. वही हवी हे ठरलं. तिच्यातलं बाहेर कुणालाही द्यायचं नाही, महाराजांनी सांगितलं तरी नाही, हे महाराजांनीच सुचवलं. कुणी कुणाची चौकशी केली तर माणूस दिंडीत आहे की नाही हेही सांगायचं नाही, निरोप घ्यायचा आणि पोचवायचा. नातवाने सगळ्यांसमोर स्वतःच्या फोनमधली फाईल पुसली, ट्रकवाल्याच्या आणि काकूंच्या फोनमधलीही. भिशीच्या हिशेबाची पानं ठेवून नानांनी वहीतली बाकीची पानं फाडली आणि चंद्रभागेत सोडायला निघाले. आजी म्हणाल्या, नदीत नको, कुणाच्या तरी हाती लागतील. मग ती चुलीत घातली.

पुढच्या ज्येष्ठात नावनोंदणी सुरू झाली. नाना ओसरीवर नवी वही घेऊन बसले होते, नातू शेजारी. दुपारी फोन आला. नंबर नवा होता, आवाज ओळखीचा.

“नाना, यंदा मी आणि आई येऊ का?”

“ये की, पोरी. तुझी तुळस काकूंनी जपून ठेवलीय.”

“वहीत काय लिहिणार?”

“तू सांगशील ते. नाव लागेल. काही दुखलंखुपलं तर निरोप कुणाला द्यायचा, ते लागेल. तुझा नंबर नसला तरी चालेल.”

“फोनमध्ये उतरवणार?”

“नाव आणि निरोपाचा नंबर, एवढंच. काकूंच्या फोनमध्ये, त्याला कुलूप आहे. नको असेल तर तुझं नुसतं वहीत ठेवतो.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागून आईचा आवाज येत होता.

“आणि काल्यानंतर पुसणार?”

“काल्याच्या दिवशी. तुझ्यासमोर.”

“मग लिहा,” ती म्हणाली. “निरोप भावाला द्यायचा. नंबर सांगते, घ्या.”